विणकरपुरा, रद्द

शिक्का अजून माझ्याकडे आहे.
लाकडी मूठ, खाली रबर, त्यावर उलट्या अक्षरांत
एक अख्खा मतदारसंघ.
निवृत्तीच्या दिवशी परत करायला गेलो
तर स्टोअरचा पराते म्हणाला, साहेब,
हे नावच आता यादीत नाही, जमा कुठं करू?

तर विणकरपुरा.
पहिल्यांदा सापडतो तो गोऱ्यांच्या कौन्सिलच्या एका वहीत,
पानं वाळल्या संत्रासालीसारखी, उलटताना मोडणारी.
एकूण मतदार चारशे एकोणीस.
घरपट्टी भरणारे, मालगुजार, दोन वकील,
एक पेन्शनर सुभेदार.
वस्तीत माग मात्र तीन हजार.
मतदानाच्या दिवशीही ते चालूच होते,
खट् खट्, खट् खट्,
त्यांना कोणी सुट्टी दिली नव्हती,
त्यांनी मागितलीही नव्हती.

मग एक्कावन्नची यादी.
तीत सगळेच आले. बायकाही आल्या,
पण "गणबाची बायको", "झिंगऱ्याची माय" अशा.
वरून हुकूम: नाव नसेल तर ओळ खोडा.
वडील तेव्हा हंगामी कारकून, दौत घेऊन दारोदार.
एका पानावर, तांबड्या रेघेखाली,
त्यांच्या तिरक्या अक्षरात मागाहून घुसवलेलं:
बेनूबाई सोनकुसरे, वय अंदाजे चाळीस.
सांगायचे, मागाच्या खड्ड्यातून मान वर न करता बोलली,
"लिव बापू. पर माह्यं लिव, त्याचं नोको लिवू.
तो त मेला, अन् यादीत हाये अजून."

छप्पनला राजधानी गेली.
फायली ट्रंकांत भरून स्टेशनावर गेल्या,
हमालांनी त्या वजनावर मोजल्या.
पुढे आमदार गावात दिसायचे ते डिसेंबरात,
अधिवेशनाबरोबर, नवं स्वेटर घालून.

बाहत्तरला निकाल सात मतांनी लागला.
माझी पहिली मोजणी.
पहाटे चारला, तिसऱ्यांदा गठ्ठे सोडताना,
हरत चाललेले नत्थूजी हेडाऊ स्वतः
मोजणाऱ्यांसाठी तर्री-पोहे घेऊन आले.
तिखटानं डोळ्यांत आलेलं पाणी पुसत
आम्ही पुन्हा सातच मोजली.
ती सात कोणाची, यावर पुढे तीस वर्षं
पानठेल्यांवर भांडणं झाली.
प्रत्येक गल्ली म्हणे, आमची.

मग माग थांबले.
एकदम नाही, एकेक घर करून.
विणणारे रिक्षा ओढू लागले, कोणी भिवंडीला गेले,
कोणी रात्री एटीएमसमोर खुर्ची टाकून बसले.
मतदारयादीत धंद्याचा रकाना नसतो,
त्यामुळे आमच्याकडे याची नोंद नाही.

शेवटी नकाशा टेबलावर पसरला.
पंख्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर ठेवला
तो माझाच शिक्का.
पेन्सिल नाल्याच्या काठानं गेली,
रुळाशी वळली, मशिदीमागून सरळ निघाली.
तीन तुकडे, तीन शेजाऱ्यांना.
हरकतींसाठी वीस दिवस. आली एकच.
वहीदुद्दीन अन्सारी, धंदा फणी बांधणे,
जिथे आता फणी लागतच नव्हती.
साहेब म्हणाले, चाचा, मत तर तुमचं शाबूत आहे.
ते म्हणाले, मताचं नाही विचारत.
कापड फाडून वाटलं,
तर काठ कोणाकडे जातो, तेवढं सांगा.

हरकत नामंजूर. कारण: लागू नाही.
हे मी लिहिलं. अक्षर माझं आहे.

काल नातीनं शाईचा पॅड शोधला
आणि मराठीच्या वहीत, धड्याच्या खाली, समासात,
जागा मिळेल तिथे तो उमटवला.
बाईंचा शेरा: हे कुठले गाव? पालकांनी खुलासा करावा.
खाली सहीसाठी रेघ.
सही केली.
सवयीनं खाली हुद्दा लिहायला गेलो
आणि पेन तसाच धरून बसलो.